शून्यकाकांची चूकवही

कॉलेजच्या दप्तरात त्यांचं रीतसर नाव होतं, पण ते पगारपत्रक आणि पोस्टमन यांच्यापुरतं. बाकी सगळ्यांना ते शून्यकाका म्हणूनच ठाऊक. नव्याने आलेल्याला वाटे, बिचाऱ्यांना शाळेत गणितात भोपळा मिळाला असेल. तसं काही नव्हतं. अभियांत्रिकी कॉलेजातल्या एका प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं सहायक होते. लोखंड, लाकूड, काँक्रीट असल्या वस्तू ओढून, दाबून, पिळून बघायची ती प्रयोगशाळा. तिथे कुणी मापाचं साधन हातात घेतलं रे घेतलं, की पाठीमागून काकांचा आवाज यायचा, “आधी शून्य बघ.”

याचा अर्थ कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. भाजीवाल्याचा तराजू रिकामा असतानाच एका अंगाला झुकलेला असेल, तर त्यावर तोललेल्या बटाट्यांचा काय भरवसा? मापाच्या साधनाचंही तसंच. काहीच मोजत नसताना काटा शून्यावर आहे का ते आधी बघायचं, नसेल तर किती सरकलाय ते लिहायचं, आणि मग कामाला लागायचं. गोष्ट एवढीशी, पण माणसाला नेमकी एवढीशीच गोष्ट करायचा कंटाळा असतो. गंमत म्हणजे नोकरीच्या पहिल्या नऊ वर्षांत काकांनीही हे कधी कुणाला बजावलं नव्हतं. तेव्हा ते चारचौघांसारखेच एक सहायक होते आणि त्यांना काही टोपणनावही नव्हतं.

प्रयोगशाळा तळमजल्यावर होती, कारण तिथलं मोठं मशीन वरच्या मजल्याला पेललं नसतं. हिरव्या रंगाचं, दीड पुरुष उंच, समोर भिंतीवरच्या घड्याळाएवढी तबकडी. मशीनच्या दोन जबड्यांत लोखंडी सळई धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची. किती ओढीला तुटली ते तबकडीवरचा काटा सांगतो. सळई तुटताना असा काही आवाज होतो की नवी मुलं दचकतात आणि काका मान फिरवून हसून घेतात. तुटलेले तुकडे एका लाकडी पेटीत जात. बारीक मापं घ्यायचे सात कॅलिपर तेलाच्या फडक्यांत गुंडाळून खणात ठेवलेले असत, आणि त्यातले दोन काकांनी जाणूनबुजून शून्य चुकलेले ठेवले होते. कुठले दोन, ते काही ते सांगत नसत.

आणि एका लोखंडी कपाटात होत्या अकरा लांबट वह्या. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं चूकवही. प्रयोगात जी चूक होई ती काका त्यात टिपून ठेवत. कोणाची ते नाही. काय चुकलं, का चुकलं, आणि पुढच्या खेपेला काय बदलायचं, एवढंच. ‘सळईची लांबी तुटल्यावर मोजली, तुटण्याआधी मोजायची राहिली. पायऱ्या फळ्यावर लिहून ठेवणे.’ ‘काँक्रीटचा ठोकळा तिरका बसवला. खाली पांढरी रेघ आखली.’ नाव नसल्यामुळे मुलं आपण होऊन येत. “काका, लिहा, आज मी काय घोळ घातला ते,” असं म्हणत, आणि काका चष्मा कपाळावरून खाली ओढून लिहीत. अशा कामात त्यांचं मन रमे. घरी आले की हातांना तेलाचा वास आणि चेहऱ्यावर पोटभर जेवलेल्या माणसाचं समाधान, असं त्यांची बायको सांगत असे.

निवृत्तीला चार महिने उरले असताना कॉलेजवर मानांकनाची तपासणी आली.

हे मानांकन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढची सगळी धावपळ वेड्यांचा बाजार वाटेल. दर काही वर्षांनी बाहेरची समिती येते आणि पदवीचा अभ्यासक्रम ठरलेल्या निकषांवर घासून बघते. इमारत, पुस्तकं, शिक्षक हे तर आलंच, पण खरी मेख दोन निकषांत असते. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या मुलाला हाताने नेमकं काय करता येतं ते दाखवा. आणि जे करता येत नव्हतं ते तुम्हाला कसं कळलं, कळल्यावर काय बदललंत, ते दाखवा. मानांकन हुकलं तर पदवीच्या कागदाचं वजन उतरतं, पुढे शिकायला जाणाऱ्या मुलांना दारातच अडवतात, नवीन मुलं फिरकत नाहीत आणि दोन-तीन वर्षांत विभागाला कुलूप लागतं. या विभागाचं जुनं मानांकन त्याच वर्षी संपत होतं.

विभागप्रमुखांचं त्यामुळे धाबं दणाणलं होतं. ते मुळात याच कॉलेजचे विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचे. आता केस विरळ झाले होते आणि तपासणीची तारीख कळल्यापासून शर्टही सैल होत चालले होते. माणूस सज्जन. पण भ्यायलेला सज्जन माणूस कागदाला फार जपतो. त्यांनी विभागात दोनशे बारा फायली तयार करवल्या. निळ्या शिक्षकांच्या, पिवळ्या परीक्षांच्या, हिरव्या प्रयोगांच्या. प्रत्येक फायलीत एक तक्ता होता आणि त्यात एक रकाना: ‘आढळलेल्या उणिवा व केलेली सुधारणा’. एका प्राध्यापकाने त्यात लिहिलं, ‘निरंक’. दुसऱ्याने ते पाहिलं आणि त्यानेही तेच लिहिलं. आठवड्याभरात दोनशे बाराही फायलींत निरंक.

निरंक हा शब्द ज्याने कचेरीत एक दिवस काढलाय त्याला समजावून सांगायला नको. वरून विचारणा येते, प्रलंबित तक्रारी किती? निरंक. गळकी छपरं किती? निरंक. कुणी वर मान करून छपराकडे बघितलेलं नसतं, पण शब्द लिहिला की कागद पुढे सरकतो आणि माणूस घरी जायला मोकळा होतो. विभागप्रमुखांना तर तो रकाना दात घासल्यासारखा स्वच्छ दिसला. ते खूश झाले.

त्याच भरात त्यांनी प्रयोगांचं जर्नलही नव्याने छापून घेतलं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर त्या हिरव्या मशीनचा फोटो. गठ्ठा आला तेव्हा काकांनी कौतुकाने एक प्रत उघडली आणि पहिलाच तक्ता दोनदा वाचला. जुन्या जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाच्या तक्त्याची पहिली ओळ असे: ‘शून्य पाहिलं का? हो / नाही. किती सरकलेलं?’ नव्या जर्नलमध्ये ती ओळ नव्हती. एक ओळ कमी केली की तक्ता एका पानात नीट बसत होता, म्हणून विभागप्रमुखांनी ती काढून टाकली होती.

काका सरळ विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. ओळ गळली आहे म्हणाले. विभागप्रमुखांनी विचारलं, ती होती तरी कशासाठी, काका? मी विद्यार्थी असल्यापासून बघतोय, पण कारण कुणालाच माहीत नाही. काही नाही सर, सवयीची होती एवढंच, असं म्हणून काका परत आले.

कारण त्यांना माहीत होतं. जगात त्यांना एकट्यालाच माहीत होतं, आणि ते पहिल्या चूकवहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी साठ मुलांच्या एका बॅचने त्या मशीनवर सळया ओढल्या, आकडे काढले, सह्या झाल्या, जर्नलं जमा झाली. नंतर एका दुपारी काका फडक्याने तबकडी पुसत होते. मशीन बंद, जबडे रिकामे, आणि काटा मात्र दोन घरं पुढे उभा. प्रयोगाआधी काटा शून्यावर आणायचं काम त्यांचं. एक बटण फिरवायचं, संपलं. त्यांनी बघितलंच नव्हतं, आणि एक दिवस नव्हे, सबंध महिनाभर. साठही मुलांच्या सळया प्रत्यक्षात होत्या त्यापेक्षा कागदावर बळकट ठरल्या होत्या. कागदावरची सळई काही तुटत नाही, पण हीच मुलं उद्या पूल बांधणार होती.

एक गोष्ट काकांनी चोख केली. साठही मुलांना आठ-आठच्या गटांनी आठ रविवार बोलावलं आणि प्रयोग पुन्हा करवून घेतला. दुसरी गोष्ट त्यांनी केली नाही. कारण विचारल्यावर त्यांनी मुलांना, त्या वेळच्या प्रमुखांना आणि घरी बायकोलाही एकच सांगितलं, मशीन बिघडलं होतं. मग त्यांनी एक वही विकत आणली, खरं काय ते पहिल्या पानावर लिहिलं, आणि जर्नलमध्ये ती ओळ घालायला लावली. त्या दिवसापासून ‘आधी शून्य बघ’ सुरू झालं. लोकांना तो त्यांचा काटेकोर स्वभाव वाटला. मुलांनी प्रेमाने नाव दिलं, आणि त्या नावाने कुणी हाक मारली की काकांना दर खेपेला जरासं टोचे.

तपासणीच्या दोन दिवस आधी विभागप्रमुख खाली आले. त्यांना वह्या ठाऊक होत्या, पण त्यांनी त्या कधी उघडल्या नव्हत्या. चुकांच्या अकरा वह्या आहेत एवढं कळणंच त्यांना पुरेसं होतं. म्हणाले, काका, ते कपाट तेवढं बंद असू द्या, समितीसमोर चुका कशाला. काका हो म्हणाले. किल्ली फिरवताना त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्याची लाजही वाटली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांनी मनाला बजावलं. मनाला ते काही पटलं नाही.

काकू घरी शिवणकाम करत. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीला कपड्यांची दांडी, गळ्यात कायम टेप. तपासणीच्या सकाळी काका चहा पीत बसले होते आणि काकू शेजारणीच्या बाहीचं माप घेत होत्या. त्यांच्या टेपचं टोक झिजलं होतं, म्हणून त्या एक इंचापासून मोजत आणि शेवटी एक वजा करत. शेजारीण म्हणाली, नवीन टेप का घेत नाही? काकू म्हणाल्या, झिजलाय हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही सांगितलंय, मग काय बिघडलं? ते विसरून मोजलं असतं तर आखूड बाही कोपरापर्यंत आली असती. शेजारीण हसत गेली. ती गेल्यावर काकू आणखी एका गिऱ्हाइकाबद्दल सांगू लागल्या, की तिची शिवण वाकडी गेली की ती दर वेळी सुईलाच दोष देते. “नाचता येईना अंगण वाकडं,” काकू म्हणाल्या आणि दाताने दोरा तोडला.

काकांना चहाचा ठसका लागला. काकूंनी पाठीवर थोपटलं आणि काही विचारलं नाही.

समितीतल्या तिघांपैकी दोघे वर फायलींत शिरले. खाली प्रयोगशाळेत आल्या एक वयस्क बाई. त्यांनी तीस वर्षं पूल बांधले होते आणि मग शिकवायला लागल्या होत्या. पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी, आणि बोलण्यात घाई नाही. विभागप्रमुख त्यांच्या मागे हिरवी फाईल छातीशी धरून उभे होते. बाईंनी ती फाईल मागितलीच नाही. तिसऱ्या वर्षाच्या सात-आठ मुली-मुलं काम करत होती, त्यातल्या एका मुलीला त्यांनी जवळ बोलावलं, पेटीतून एक सळई काढून दिली आणि म्हणाल्या, हिची जाडी सांग.

मुलीने खणातून हाताला येईल तो कॅलिपर घेतला. सळई बाजूला ठेवली, कॅलिपरचे जबडे रिकामेच मिटले, उजेडाकडे धरले आणि डोळे बारीक करून बघितलं. मग म्हणाली, मॅडम, याचं शून्य पुढे सरकलंय, शेवटी वजा करावं लागेल. मग तिने सळई तीन ठिकाणी मोजली, वजाबाकी केली आणि जाडी सांगितली.

बाईंनी शेजारच्या मुलाला दुसरी सळई दिली. त्यानेही जबडे रिकामे मिटले. तिसरीनेही तेच केलं. काका मशीनआड उभे राहून बघत होते. आपल्या हयातीत आपण एक तरी गोष्ट नीट पेरली, असं त्यांना वाटलं.

बाईंनी मुलीला विचारलं, हे कुठे शिकलीस, पुस्तकात तर एका ओळीत असतं. मुलगी मोकळेपणाने म्हणाली, शून्यकाकांनी शिकवलं. नाही बघितलं तर ते चूकवहीत लिहितात, आणि एकाच गटाचं दोनदा लिहायची वेळ आली तर तो प्रयोग सगळ्यांकडून पुन्हा करवून घेतात.

विभागप्रमुखांना खोकल्याची उबळ आली. बाईंनी त्यांचा खोकला थांबेपर्यंत वाट बघितली आणि म्हणाल्या, ती वही बघायला मिळेल का?

काकांनी कपाट उघडलं आणि गेल्या तीन वर्षांच्या दोन वह्या काढून दिल्या. बाई उभ्याने वाचू लागल्या, मग स्टूल ओढून बसल्या. दर वर्षीच्या पहिल्याच प्रयोगाला किती जण शून्य बघायला विसरले याचा आकडा होता: साठपैकी एकोणीस, पुढच्या वर्षी चौदा, यंदा सहा. मध्ये काय बदललं तेही होतं. ‘नुसतं सांगून भागत नाही. दोन कॅलिपर चुकीचे ठेवून बघणे.’ बाईंनी ती पानं दोनदा वाचली. मग पहिल्यांदाच हिरव्या फाईलसाठी हात पुढे केला, तो रकाना काढला आणि बोट ठेवलं.

“सर, इथे निरंक लिहिलंय.”

विभागप्रमुख म्हणाले, हो मॅडम, काही उणिवा आढळल्या नाहीत.

“यांना तर पोत्याने आढळल्यात. सर, निरंक म्हणजे उणीव नाही असं नव्हे. निरंक म्हणजे कुणी बघितलंच नाही. ज्या विभागात तीन वर्षांत काहीच चुकलं नाही, त्या विभागाच्या मुलाला मी माझ्या पुलावर उभं करणार नाही.”

आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. विभागप्रमुख म्हणाले, पण ही वही आहे ना आता, हीच धरा. बाईंनी मान हलवली. ही एका माणसाची सवय आहे, म्हणाल्या, आणि हा माणूस चार महिन्यांनी निवृत्त होतोय. मला विभाग काय शिकला ते बघायचंय. मग त्यांनी मुलांच्या टेबलावरचं जुनं आणि नवं जर्नल उघडून शेजारी शेजारी ठेवलं. “ही पहिली ओळ कुणी घातली? कशामुळे? आणि नव्या जर्नलमधून ती गेली कशी? कुणाला सांगता आलं तर तुमच्या विभागाला चुकीवरून सुधारता येतं, असं मी लिहीन. सांगता आलं नाही, तर मला निरंकच लिहावं लागेल.”

विभागप्रमुखांनी इकडेतिकडे बघितलं. वर दोनशे बारा फायली होत्या आणि एकीतही उत्तर नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत. कळसा होता चार पावलांवर, कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर.

काकांच्या मनात त्या क्षणी काय काय आलं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. चार महिने राहिलेत, हे आलं. ही मुलगी काय म्हणेल, हे आलं. उद्या नाव शून्यकाकाच राहील पण म्हणताना पोरं वेगळं हसतील, हेही आलं. आणि मग उघडं पडलेलं ते नवं, गुळगुळीत जर्नल त्यांना दिसलं. आपण तोंड मिटून बसलो तर ओळ जाणार, विभाग जाणार, आणि पुढल्या कुठल्यातरी दुपारी काटा पुन्हा दोन घरं पुढे उभा राहणार. ते कपाटाशी गेले. खाली वाकताना गुडघा वाजला. पहिली वही त्यांनी कोटाच्या बाहीने पुसली आणि बाईंना न देता विभागप्रमुखांच्या हातात दिली.

“सर, आधी तुम्ही वाचा. तुम्ही त्या बॅचमध्ये होता.”

विभागप्रमुखांनी पहिलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, कारण मोठ्याने वाचावं लागेल असलं काही त्यात असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

“‘आज चूक सापडली. काटा दोन घरं पुढे. साठ मुलांची मापं वाया. मशीन ठीक आहे. मुलांना मशीन बिघडलं असं सांगितलं, ते खोटं. शून्य मी पाहिलं नाही. उपाय: सर्व प्रयोग पुन्हा. जर्नलच्या प्रत्येक तक्त्यात पहिली ओळ शून्याची. ही ओळ कधी काढू नये.’”

खाली काकांची सही होती. अकरा वह्यांत नाव असलेली ती एकच चूक.

विभागप्रमुखांनी पान पुन्हा एकदा मनात वाचलं. मग म्हणाले, “आठ रविवार. काका, कॉलेजच्या नाटकात मी राजा होतो. तालमी रविवारी असायच्या. आमच्या गटाच्या रविवारी मी इथे सळई ओढत होतो, म्हणून तिकडे माझा भालदार झाला.”

काका म्हणाले, “चुकलं माझं, सर. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

विभागप्रमुखांना हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. त्यांनी खिशातून पेन काढलं, हिरवी फाईल मशीनच्या ओट्यावर ठेवली, ‘निरंक’वर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘नव्या जर्नलमधून शून्याची ओळ गाळली गेली. कारण न विचारता गाळली. मीच गाळली. ओळ परत घालत आहे.’ खाली सही केली. बाईंनी ते उलट्या बाजूने वाचलं आणि स्वतःच्या वहीत काहीतरी लिहिलं. जाताना त्या काकांना म्हणाल्या, एका पुलाच्या कामात मीही एकदा फूटपट्टीचं टोक न बघता मापं घेतली होती. पुढे काय झालं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि काकांनी विचारलं नाही.

संध्याकाळी काका घरी आले, हातपाय धुतले आणि काकूंसमोर बसून सगळं सांगितलं. बावीस वर्षांपूर्वीपासून, एकही घर न गाळता. काकू काज करत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “मला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“मशीन बिघडलं नव्हतं ते. अहो, मशीन बिघडलं की तुम्ही घरी येऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करता. त्या आठ रविवारी तुम्ही मशीनला एक शिवी घातली नाहीत. तेव्हाच म्हटलं, दोष दुसऱ्याच कुणाचा तरी आहे.”

काकांनी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? काकू म्हणाल्या, तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. वाट बघायला माझं काय जात होतं, काजं तर करतच होते. मग त्यांनी सुई ओवायला काकांपुढे धरली, कारण तेवढं एक काम काकूंच्या डोळ्यांना आता जमत नसे.

मानांकन मिळालं. पूर्ण मुदतीचं नाही, अर्ध्या मुदतीचं, आणि सोबत शेरा: इतर विषयांच्या फायलींमधल्या रकान्यांत खरं लिहावं, तोवर पुन्हा येऊन बघू. विभागप्रमुखांनी तो शेरा फ्रेम करून लावला नाही इतकंच. पुढचे तीन महिने प्राध्यापक मंडळी एकेक करून खाली येत, काकांच्या स्टुलावर बसत आणि विचारत, काका, चूक लिहायची कशी? काका सांगत, आधी काय झालं ते लिहा, मग का, मग काय बदलणार. आणि नाव लिहू नका. एका प्राध्यापकाने विचारलं, मग स्वतःची असेल तर? काका म्हणाले, तर तेवढं नाव लिहा.

शेवटच्या दिवशी समारंभ झाला, भाषणं झाली, एक पिशवी आणि एक शाल मिळाली. ते सगळं आटोपल्यावर काका किल्ली द्यायला खाली गेले. कपाट उघडंच होतं. अकरा वह्यांशेजारी बारावी, रकाने आखलेली नवीकोरी वही होती. त्यांनी पहिलं पान उघडलं. अक्षर विभागप्रमुखांचं होतं, शेवटच्या बाकावरच्या मुलाचं असतं तसं तिरपं. तारीख आजची.

‘काकांना निरोप देताना भाषणात त्यांच्या नोकरीची वर्षं तीस म्हटली. एकतीस आहेत. आधी बघितलं नाही.’

खाली सही होती. काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, ओळ पुन्हा वाचली, आणि खिशातलं पेन काढून ‘काय बदलणार’ या रकान्यात, सवयीने, दोन शब्द लिहिले: ‘विचारून घेणे’. मग किल्ली कपाटाच्या दारालाच ठेवून ते घरी चालू लागले.